पेट्रोल गाड्यांच्या धुरातली सेंद्रिय संयुगं कशी मोजायची: गोव्यात नव्यानं काम सुरू करणाऱ्यांसाठी

पीयूसीच्या, म्हणजे गाडीच्या प्रदूषण तपासणीच्या प्रमाणपत्रावर 'एचसी' (हायड्रोकार्बन) असं लिहून पुढे एक पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) आकडा छापलेला असतो. धुरातल्या सेंद्रिय संयुगांवर प्रकल्प करायला निघालेली बहुतेक मुलं इथूनच सुरुवात करतात, आणि बरीचशी इथेच थांबतात. तो आकडा खोटा नाही. पण त्यात बेंझिन किती, फॉर्मल्डिहाइड किती, मिथेन किती हे काहीच कळत नाही. गाडी चालवणाऱ्याच्या, सिग्नलला उभ्या असलेल्या पोलिसाच्या आणि दिवसभर स्टँडवर बसणाऱ्या पायलटाच्या, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाल्याच्या, फुप्फुसात नेमकं काय जातं हे जाणून घ्यायचं, तर संयुगं नावानिशी वेगळी करून मोजावी लागतात. गोव्यात दुचाक्या घरोघरी आहेत, पर्यटकांच्या भाड्याच्या गाड्या वेगळ्याच. त्यामुळे हे काम इथे व्हायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

रसायनशास्त्राचे पदवी किंवा पदव्युत्तर विद्यार्थी, प्रयोगशाळेत नव्यानं रुजू झालेले सहायक आणि ज्यांना आपल्या यंत्राच्या आकड्यामागचं विज्ञान समजून घ्यायचं आहे असे पीयूसी केंद्रवाले, यांच्यासाठी हे लिहितो आहे. एक गोष्ट पहिल्यापासून लक्षात ठेवा: या कामात यंत्रापेक्षा नमुना मोठा. नमुना बिघडला तर लाखो रुपयांचं उपकरणही त्या बिघाडाचाच अचूक आकडा देतं.

पहिली पायरी: काय मोजायचं ते ठरवा

पेट्रोल इंजिनातून बाहेर पडणारी सेंद्रिय संयुगं दोन वाटांनी येतात. काही पेट्रोल न जळताच निसटतं: पिस्टनच्या कडेच्या फटीत अडकलेलं, तेलाच्या थरात विरघळलेलं, एखादा ठोका चुकल्यामुळे राहिलेलं. उरलेली संयुगं अर्धवट जळण्यातून नव्यानं तयार होतात. इथिलीन, ॲसिटिलीन, १,३-ब्युटाडाईन आणि आल्डिहाइडं या दुसऱ्या वाटेनं येतात. बेंझिन दोन्ही वाटांनी येतं. भारत स्टेज ६ या सरकारी उत्सर्जन मानकाच्या पेट्रोलमध्ये बेंझिनवर आकारमानानं १ टक्क्याची मर्यादा आहे, पण एकूण ॲरोमॅटिक संयुगांना ३५ टक्क्यांपर्यंत मुभा आहे. टोल्युइन आणि झायलिन जळताना त्यांच्या बाजूच्या फांद्या तुटतात आणि नवं बेंझिन तयार होतं. म्हणून पेट्रोलमधलं बेंझिन कमी केलं तरी धुरातलं शून्य होत नाही.

कामाच्या सोयीनं या संयुगांचे चार गट पाडता येतात: एकूण हायड्रोकार्बन, बेंझिन-टोल्युइन-इथाइलबेंझिन-झायलिन हा ॲरोमॅटिक गट, आल्डिहाइड-कीटोन यांचा कार्बोनिल गट, आणि अनेक वलयांची ॲरोमॅटिक संयुगं, ज्यांना पीएएच म्हणतात. प्रत्येक गटाला नमुना घेण्याची पद्धत वेगळी, साठवण वेगळी, यंत्रही वेगळं. पहिल्याच वर्षी चारही गटांना हात घालू नका. माझं मत विचाराल तर ॲरोमॅटिक गटापासून सुरुवात करा. पद्धत पक्की आहे, साहित्य मिळतं, आणि साधा गॅस क्रोमॅटोग्राफ (मिश्रणातली संयुगं वेगळी करून मोजणारं यंत्र) बऱ्याच महाविद्यालयांत असतो.

आरोग्याच्या दृष्टीनं महत्त्व कशाला, तेही इथेच सांगतो. बेंझिन, १,३-ब्युटाडाईन आणि फॉर्मल्डिहाइड ही तिन्ही आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात आहेत, म्हणजे माणसात कर्करोग घडवतात हे सिद्ध झालेलं आहे. २००९ च्या राष्ट्रीय हवा गुणवत्ता मानकांत बेंझिनची वार्षिक मर्यादा दर घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आणि पीएएचमधल्या बेंझो-ए-पायरीनची १ नॅनोग्रॅम आहे. ही मानकं बाहेरच्या हवेसाठी आहेत. सायलेन्सरच्या तोंडाशी मिळणारा आकडा त्यांच्याशी थेट ताडून पाहू नका. दोन्हींत हजारो पटींचा फरक असतो आणि तसा असणं साहजिकच आहे.

पंपावर आता मिळणारं ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोलही ध्यानात घ्यायला हवं. इथेनॉल अर्धवट जळलं की ॲसिटाल्डिहाइड तयार होतं, आणि थोडं इथेनॉल जसंच्या तसं बाहेर येतं. इथेनॉल नसलेल्या पेट्रोलच्या काळातले जुने आकडे आजच्या गाडीला लावता येणार नाहीत. नोंदवहीत इंधनाचा प्रकार आणि भरल्याची तारीख लिहाच.

दुसरी पायरी: पीयूसीचं यंत्र नीट ओळखा

हे यंत्र अवरक्त प्रकाशावर चालतं. हायड्रोकार्बनमधले कार्बन-हायड्रोजन बंध ३.४ मायक्रोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषतात. किती प्रकाश शोषला गेला यावरून यंत्र आकडा काढतं आणि तो हेक्झेनच्या हिशेबात दाखवतं. मेख इथेच आहे. सरळ साखळीच्या अल्केनांना हे यंत्र चांगला प्रतिसाद देतं, पण ॲरोमॅटिक आणि दुहेरी बंधाच्या संयुगांना फारच कमी. बेंझिन तर त्याच्या दृष्टीनं जवळपास अदृश्य. आल्डिहाइडांचंही तसंच. त्यामुळे ज्वाला आयनीकरण शोधकानं, म्हणजे एफआयडीनं, तोच धूर मोजला तर आकडा साधारण दुपटीच्या घरात जातो.

तरीही हे यंत्र टाकाऊ नाही. गाडीची प्रकृती कळायला ते उत्तम आहे, आणि नमुना घेण्याआधी प्रत्येक गाडीची चाचणी त्यावर घ्यावी असा माझा आग्रह आहे. मर्यादा माहीत असू द्या. भारत स्टेज ४ आणि त्यापुढच्या पेट्रोल कारला मंद गतीवर (गाडी उभी, इंजिन चालू) कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम. ३१ मार्च २००० नंतरच्या, पण भारत स्टेज ४ च्या आधीच्या चार-स्ट्रोक दुचाकीला ३.५ टक्के आणि ४५०० पीपीएम. दोन मर्यादांमधली ही दरी पाहिली की जुन्या दुचाक्यांकडे लक्ष देणं का गरजेचं आहे ते कळतं.

चाचणीची रीत अशी. यंत्र पुरेसं तापू द्या, स्वच्छ हवेत शून्य करा, गळती तपासा. आधीच्या गाडीचा अंश नळीला चिकटून राहतो; स्वच्छ हवा ओढत असतानाही वीसेक पीपीएमहून जास्त दिसत असेल, तर नळी आणि गाळणी साफ केल्याशिवाय पुढे जाऊ नका. गाडी चालवून इंजिन गरम करून आणा. शोधनळी सायलेन्सरमध्ये किमान ३०० मिलिमीटर आत गेली पाहिजे. दुचाकीच्या सायलेन्सरमध्ये आतल्या पत्र्यामुळे ती जात नसेल, तर बाहेरून घट्ट बसणारी जोडनळी लावा. हा नियम कागदी नाही. एका सिलिंडरच्या इंजिनात धूर ठोक्याठोक्यानं येतो आणि दोन ठोक्यांच्या मध्ये बाहेरची हवा मागे ओढली जाते. नळी तोंडाशीच ठेवली तर आपण धूर कमी आणि गोव्याची हवा जास्त मोजतो.

यंत्र कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजन दाखवत असेल तर तेही आकडे लिहून घ्या. चार-स्ट्रोक इंजिनात कार्बन मोनॉक्साइड आणि डायऑक्साइड यांची बेरीज साधारण १४ ते १५ टक्क्यांच्या आसपास येते. बेरीज त्याच्या बरीच खाली असेल तर कुठून तरी हवा मिसळते आहे: सायलेन्सर गंजून भोक पडलं असेल, किंवा त्या दुचाकीत धुरात मुद्दाम हवा सोडण्याची सोय असेल. किनाऱ्यालगतच्या गावांत खाऱ्या हवेमुळे सायलेन्सर लवकर गंजतात, म्हणून पेडणे-बार्देश-सासष्टीच्या किनारपट्टीवरच्या गाड्यांत हे विशेष पाहा.

एफआयडीबद्दल थोडक्यात

हायड्रोजनच्या ज्योतीत सेंद्रिय संयुग जळलं की आयन तयार होतात आणि त्यांचा विद्युतप्रवाह मोजला जातो. हा शोधक ढोबळमानानं कार्बनचे अणू मोजतो, म्हणून त्याचं अंशांकन (माहीत असलेल्या मात्रेशी यंत्राचा आकडा जुळवणं) प्रोपेननं करतात आणि १०० पीपीएम प्रोपेन म्हणजे ३०० पीपीएम कार्बन असं धरतात. फॉर्मल्डिहाइडला तो जवळजवळ प्रतिसादच देत नाही, इथेनॉल आणि ॲसिटाल्डिहाइडला कमी देतो. ई-२० च्या काळात ही उणीव मोठी आहे. मिथेन वेगळा काढायचा तर धूर एका तापवलेल्या उत्प्रेरकातून नेतात, तिथे मिथेन सोडून बाकी सगळं जळतं, आणि दोन वाचनांची वजाबाकी केली की मिथेनेतर हायड्रोकार्बन मिळतात. भारत स्टेज ६ च्या पेट्रोल कारला मर्यादा प्रतिकिलोमीटर ०.१०० ग्रॅम एकूण हायड्रोकार्बन आणि ०.०६८ ग्रॅम मिथेनेतर हायड्रोकार्बन अशी आहे. ती तपासायला गाडी रोलरवर ठरावीक चक्रानुसार चालवावी लागते. तसं काम पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थांत चालतं. महाविद्यालयात आपण त्याची नक्कल करू शकत नाही, आणि करायची गरजही नाही.

तिसरी पायरी: नमुना

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

पहिला शत्रू पाणी. पेट्रोल जळलं की पाण्याची वाफ होते आणि कच्च्या धुरात ती आकारमानानं १२-१३ टक्के असते. असा धूर ५० अंश सेल्सिअसच्या आसपास आला की नळीत पाणी साचू लागतं. आल्डिहाइडं आणि इथेनॉल त्या पाण्यात विरघळून तिथेच राहतात, आणि ॲरोमॅटिक संयुगं पकडायला वापरतात त्या कोळशाच्या नळीत पाणी गेलं तर बेंझिन पकडायची तिची ताकद घटते. उपाय दोन: नळी १०० अंशांच्या वर तापवून ठेवायची, किंवा धूर लगेच स्वच्छ हवेत पातळ करायचा. नवशिक्यांनी दुसरा मार्ग धरावा. स्टीलच्या छोट्या मिश्रणपात्रात एक भाग धूर आणि नऊ भाग हवा मिसळली की वाफ सव्वा टक्क्याच्या घरात येते आणि पाणी साचत नाही.

पण पातळ करायला घेतलेली हवा कोरडी हवी. पावसाळ्यात गोव्यात तापमान २८ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ९० टक्के असते, तेव्हा हवेतच तीन टक्क्यांहून जास्त बाष्प असतं. ती तशीच वापरली तर पाण्यावर उपाय म्हणून आणलेल्या हवेतूनच पाणी येतं. म्हणून ती आधी सिलिका जेलमधून आणि मग सक्रिय कोळशातून न्या. सिलिका जेलचा रंग रोज पाहा. जुलैमध्ये तो किती भराभर बदलतो ते तुम्हालाच दिसेल. पहिला हंगाम नोव्हेंबर ते मार्च असा धरला तर बरीच डोकेदुखी वाचेल.

नळ्या टेफ्लॉनच्या किंवा स्टेनलेस स्टीलच्याच वापरा. रबर, पीव्हीसी आणि सिलिकॉन ही तिन्ही संयुगं शोषून घेतात आणि पुढच्या नमुन्यात सोडतात.

जागा निवडताना आजूबाजूला काय जळतं आणि काय उडतं ते बघा. पेट्रोलपंपाच्या आवारात नमुना घेऊ नका, भरताना उडणारी वाफ सगळं बिघडवते. बेतीच्या धक्क्यावर फेरीबोटीचा, कदंब बसस्थानकावर बसचा डिझेल धूर असतो. मोकळं, वारा खेळतं मैदान किंवा महाविद्यालयाचं मागचं आवार उत्तम. बंद गराजमध्ये तर इंजिन चालू करूच नका. जुन्या दुचाकीच्या धुरातला ३.५ टक्के कार्बन मोनॉक्साइड म्हणजे ३५,००० पीपीएम, आणि १,२०० पीपीएमलाच जिवाला तातडीचा धोका मानतात. त्याला रंग नाही, वास नाही. एकट्यानं काम करू नये आणि वारा धूर ज्या बाजूला नेतो त्या बाजूला उभं राहू नये, हे दोन नियम कुणासाठीही मोडू नका.

गाड्या कुठून मिळवायच्या? मित्रमंडळींच्या मिळतीलच, पण तेवढ्यावर अभ्यास एकांगी होतो. पणजी, म्हापसा, मडगावच्या स्टँडवर जाऊन पायलटांशी बोला. त्यांच्या मोटारसायकली दिवसभर थांबत-चालत असतात आणि धुराशी सगळ्यात जास्त संबंध त्यांचाच येतो. आधी स्पष्ट सांगा: "बाब, गाडीच्या धुराचा अभ्यास करतोय आम्ही. पीयूसीशी याचा संबंध नाही, दंड नाही की काही नाही. अर्धा-पाऊण तास गाडी लागेल." त्यांचा तेवढ्या वेळाचा धंदा बुडतो, त्याची भरपाई प्रकल्पाच्या खर्चात धरा. भाड्याची गाडी असेल तर मालकाची परवानगी घ्या. चालवणाऱ्या पर्यटकाची परवानगी पुरत नाही.

प्रत्यक्ष घेणं असं. कोळशाची प्रमाणित नळी करवंटीच्या कोळशाची असते: पुढच्या भागात १०० मिलिग्रॅम, मागच्या भागात ५०. नमुना ओढणाऱ्या छोट्या पंपाचा प्रवाह नमुन्याआधी आणि नंतर साबणाच्या बुडबुड्याच्या मापकावर तपासा. दोन्हींत ५ टक्क्यांहून जास्त फरक पडला तर तो नमुना बाद. नळीची दोन्ही टोकं अगदी शेवटच्या क्षणी फोडा, बाणाच्या दिशेनं जोडा आणि मिनिटाला ०.१ लिटर वेगानं २० मिनिटं पातळ धूर ओढा. प्रवाह ०.२ लिटरच्या वर नेऊ नका. काम झालं की लगेच टोपणं लावा.

प्रत्येक फेरीत एक कोरी नळी न्या. तीही तिथेच फोडायची, टोपणं लावायची, बाकीच्यांबरोबर परत आणायची. फक्त तिच्यातून हवा ओढायची नाही. तिच्यात बेंझिन सापडलं तर ते प्रवासातलं किंवा प्रयोगशाळेतलं. हे टाळून मिळवलेल्या आकड्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

नळ्या बर्फात न्यायच्या. इथे थर्मोकोलची पेटी सहज मिळते, पण मासळीच्या वापरातली नको, आणि नवीन असली तरी नळ्या तिच्यात उघड्या ठेवायच्या नाहीत. थर्मोकोल म्हणजे पॉलिस्टायरीन. त्यातून स्टायरीन सुटतं आणि तेही ॲरोमॅटिकच. नळ्या आधी घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात घाला, मग डबा पेटीत. नावं पेन्सिलीनं लिहा. मार्कर पेनाच्या शाईत झायलिन किंवा टोल्युइन असू शकतं. कार्बोनिल किंवा इथेनॉलचा नमुना असेल त्या दिवशी हाताला सॅनिटायझर लावू नका.

थंड इंजिनाची वेगळी नोंद

हा भाग बहुतेक प्रकल्पांत सुटतो, आणि गाडीच्या धुरातली सेंद्रिय संयुगं खरी इथेच आहेत. कारच्या सायलेन्सरच्या वाटेत धूर स्वच्छ करणारा त्रिमार्गी उत्प्रेरक २५० ते ३०० अंशांपर्यंत तापल्याशिवाय नीट काम करत नाही. तोपर्यंतच्या पहिल्या मिनिट-दोन मिनिटांत, सुरुवातीला जादा पेट्रोल सोडलं जात असल्यामुळे, आधुनिक कारच्या अख्ख्या छोट्या फेरीतल्या हायड्रोकार्बनचा मोठा वाटा बाहेर पडतो. घरापासून बाजारापर्यंतच्या दोन किलोमीटरच्या फेऱ्या करणाऱ्या आपल्या गावांत हे फार महत्त्वाचं आहे.

गाडी किमान ६ तास, शक्यतो रात्रभर, बंद ठेवा. पंप आधी सुरू करा, मग इंजिन. पहिल्या दोन मिनिटांची एक नळी, त्यानंतरच्या काळाची दुसरी. पहिलीसाठी प्रवाह ०.२ लिटर ठेवा, नाहीतर पकडलेलं द्रव्य मोजण्याइतकं भरत नाही. थंड हवेच्या देशांतले आकडे इथे जसेच्या तसे लावू नयेत. आपल्याकडे डिसेंबरच्या पहाटेही पारा साधारण २० अंशांच्या आसपास असतो, इंजिन तितकं गारठत नाही, आणि म्हणून इथली मोजमापं इथेच व्हायला हवीत.

चौथी पायरी: प्रयोगशाळेत

नळीचा पुढचा आणि मागचा कोळसा वेगवेगळ्या कुप्यांत काढा, प्रत्येकीत १ मिलिलिटर कार्बन डायसल्फाइड घाला, अर्धा तास मधूनमधून हलवत ठेवा, मग क्रोमॅटोग्राफमध्ये सोडा. कार्बन डायसल्फाइड हा या सगळ्या कामातला सर्वांत धोकादायक द्रव आहे. त्याची वाफ सुमारे ९० अंशांवर ठिणगीशिवाय पेट घेते, म्हणजे साधी तापलेली प्लेटसुद्धा पुरते. धूरपेटीतच हाताळा आणि शेजारी कोणतीही तापलेली वस्तू ठेवू नका.

स्वस्त कार्बन डायसल्फाइडमध्ये मुळातच बेंझिन असतं. बाटली उघडल्यावर आधी नुसता द्रावक चालवून बघा. यंत्राच्या आलेखावर बेंझिनच्या जागी शिखर दिसलं तर शुद्ध प्रतीची बाटली घ्या. अंशांकनाची रेषा निदान पाच बिंदूंची हवी. कोऱ्या कोळशावर माहीत असलेली मात्रा टाकून ती किती परत मिळते हेही तपासा. ७५ टक्क्यांहून कमी मिळत असेल तर पद्धतीत दोष आहे. मागच्या भागात पुढच्या भागाच्या १० टक्क्यांहून जास्त सापडलं तर नळी भरून वाहिली असं समजा आणि नमुना कमी वेळाचा घ्या. धुरात शेकडो संयुगं असतात, तेव्हा क्रोमॅटोग्राफच्या एकाच स्तंभातून (संयुगं वेगळी करणाऱ्या नळीतून) बाहेर पडण्याच्या वेळेवरून बेंझिन ठरवू नका. काही नमुने तरी मास स्पेक्ट्रोमीटरवर पडताळून घ्या.

पडताळणीत दिसणाऱ्या बाकीच्या शिखरांकडेही बघा. ब्युटेन आणि पेंटेन फार, पण बेंझिन नगण्य असा नमुना बहुधा धुराचा नसून टाकीतून उडालेल्या वाफेचा असतो. उन्हात तापलेली गाडी शेजारी उभी असेल तर असं होतं.

कार्बोनिल संयुगांसाठी डीएनपीएच या आल्डिहाइडांशी जोडल्या जाणाऱ्या रसायनाचा लेप दिलेली सिलिकाची काडतुसं मिळतात. आल्डिहाइड त्यावर आलं की त्याचं हायड्राझोन बनतं, जे टिकाऊ असतं. काडतूस ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून ४ अंशांखाली ठेवा, ॲसिटोनायट्राइलनं उतरवा आणि एचपीएलसीवर (द्रवातली संयुगं वेगळी करणाऱ्या यंत्रावर) ३६० नॅनोमीटरला मोजा. ॲक्रोलीनचा आकडा मात्र या पद्धतीनं विश्वासार्ह मिळत नाही. तो अहवालात देऊ नका. १,३-ब्युटाडाईन त्याहून चंचल. ते पिशवीत घेतलं तर पिशवी उन्हापासून झाका आणि काही तासांत मोजा, कारण धुरातलाच नायट्रोजन डायऑक्साइड ते खाऊन टाकतो. पीएएचसाठी गाळणीमागे एक्सएडी-२ या शोषक राळेचा थर लागतो, नमुना जास्त लागतो आणि काढणीला दिवस जातो. ते दुसऱ्या वर्षाचं काम.

पाचवी पायरी: हिशेब

सुट्या पीपीएमला फारसा अर्थ नाही, कारण हवा किती मिसळली यावर तो बदलतो. त्याच प्रवाहातल्या कार्बन डायऑक्साइडशी त्याचं गुणोत्तर काढलं की हा प्रश्नच उरत नाही: सायलेन्सर गळका असो, मुद्दाम हवा सोडलेली असो, की आपण दहापट पातळ केलेलं असो, दोन्ही सारख्याच प्रमाणात पातळ झालेले असतात. म्हणून मिश्रणपात्राला ० ते ५ टक्के पल्ल्याचा कार्बन डायऑक्साइड संवेदक आणि कार्बन मोनॉक्साइडचा संवेदक जोडा. पीयूसीचं यंत्र इतकी कमी मात्रा बारकाईनं दाखवत नाही.

एक उदाहरण सोडवू. आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत. मिनिटाला ०.१ लिटर वेगानं २० मिनिटं, म्हणजे २ लिटर. नळीत २.५६ मायक्रोग्रॅम बेंझिन मिळालं. लिटरला १.२८ मायक्रोग्रॅम, म्हणजेच घनमीटरला १.२८ मिलिग्रॅम. २५ अंशांवर १ पीपीएम बेंझिन म्हणजे घनमीटरला ३.१९ मिलिग्रॅम, तेव्हा आपला आकडा ०.४० पीपीएम. त्याच प्रवाहात कार्बन डायऑक्साइड १.४४ टक्के, त्यातून हवेतला मुळचा ०.०४ वजा केला की १.४०. कार्बन मोनॉक्साइड ०.०३. बेरीज १.४३ टक्के, म्हणजे १४,३०० पीपीएम कार्बन. न जळलेल्या हायड्रोकार्बनमधला कार्बन इथे सोडून दिला आहे. जुन्या दुचाकीला तो धरावा लागेल.

०.४० भागिले १४,३०० म्हणजे कार्बनच्या प्रत्येक मोलमागे ०.००००२८ मोल बेंझिन. एक किलो ई-२० मध्ये कार्बन सुमारे ८०० ग्रॅम, म्हणजे ६६.६ मोल. गुणाकार करून बेंझिनच्या रेणुभारानं, ७८.११ नं, गुणलं की उत्तर येतं किलो इंधनामागे सुमारे ०.१५ ग्रॅम. गाडी लिटरला ५० किलोमीटर जाते आणि लिटरचं वजन ०.७५ किलो धरलं, तर किलोमीटरला १५ ग्रॅम इंधन आणि सुमारे २.२ मिलिग्रॅम बेंझिन. हा शेवटचा आकडा लिहिताना मात्र सांभाळा. नमुना मंद गतीवर घेतला असेल तर रस्त्यावरच्या किलोमीटरचा दावा करता येत नाही. तिथे किलो इंधनामागचा आकडाच द्या. फोंड्याहून फर्मागुडीचा चढ चढणारं इंजिन आणि स्टँडवर गुरगुरत उभं असलेलं इंजिन यांचं जळणं वेगळं असतं.

अहवालात काय लिहायचं

गाडीचं वर्ष, उत्सर्जन टप्पा, किती किलोमीटर चालली, शेवटची सर्व्हिसिंग कधी, इंधन, इंजिन थंड की गरम, गती, हवेचं तापमान, आर्द्रता, पातळपणाचं प्रमाण, प्रवाहाची दोन्ही मोजमापं, कोऱ्या नळीचा आकडा, एकाच वेळी घेतलेल्या जोडीच्या नमुन्यांतला फरक. शोधमर्यादेखालचा, म्हणजे यंत्राला ओळखता येईल त्याहून कमी असलेला, आकडा शून्य लिहू नका, 'मर्यादेखाली' असं लिहा आणि मर्यादा द्या. हायड्रोकार्बनच्या प्रत्येक आकड्यापुढे तो हेक्झेनच्या, प्रोपेनच्या की कार्बनच्या हिशेबात आहे हे हवंच: २०० पीपीएम हेक्झेन म्हणजे कार्बनच्या हिशेबात १,२०० होतात, आणि एवढ्या एका विसरलेल्या शब्दानं दोन चांगले अभ्यास एकमेकांच्या विरोधात उभे राहतात.

गाडीचा क्रमांक अहवालात घालू नका. सांकेतिक क्रमांक द्या आणि मूळ यादी मार्गदर्शकांकडे ठेवा. ज्यांनी गाडी दिली त्यांना त्यांचा निकाल साध्या मराठीत किंवा कोंकणीत एका पानावर नेऊन द्या. मिश्रणात पेट्रोल जास्त आहे, प्लग बदलायला हवा, सायलेन्सरला भोक आहे, हे त्यांना त्याच आठवड्यात कळलं पाहिजे. प्रबंध पूर्ण होईपर्यंत थांबायचं नाही.